हवेतल्या औषधाचं माप

आबिड्सला हे नाव कुठून आलं हे हैदराबादच्या जुन्या माणसांना ठाऊक असतं. सहाव्या निजामांच्या, म्हणजे मीर महबूब अली खान यांच्या खास नोकरीत अल्बर्ट आबिद नावाचे एक आर्मेनियन गृहस्थ होते. त्यांनी इथं दुकान काढलं. दुकान गेलं, माणूस गेला, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. आज आपण तिथं साड्या बघतो, चपला बघतो, रविवारी फुटपाथवर मांडलेली जुनी पुस्तकं चाळतो. मीही चाळते. कलाशाखेची पदवी घेतलेल्या बाईला शास्त्राचं पुस्तक हातात धरायला तशी भीती वाटते, पण जुन्या पुस्तकाची वाटत नाही. आणि इतिहास वाचता वाचता शास्त्र आपोआप पदरात पडतं, असा माझा अनुभव आहे.

याच महबूब अली पाशांच्या काळात, आबिड्सपासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, अफजलगंजच्या इस्पितळात एक प्रश्न जगाच्या नजरेत आला. प्रश्न दिसायला अगदी साधा. माणूस जी हवा आत घेतो तिच्यात औषध किती मिसळलंय हे मोजावं, की मोजायची गरज नाही, माणसाकडं बघितलं की पुरे?

आज हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि फरशी पुसायच्या बादलीत येऊन बसलाय. म्हणून ही गोष्ट सांगायला घेतली.

तेव्हाचं औषध होतं क्लोरोफॉर्म. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी ते भुलीसाठी वापरायला सुरुवात केली. गोडसर वास, रुमालावर थोडं ओतायचं, नाकापाशी धरायचं, माणूस झोपी गेला की शस्त्र चालवायचं. त्याआधी ऑपरेशन म्हणजे चार माणसांनी धरून ठेवायचं आणि रोग्यानं किंचाळायचं. त्यामुळं क्लोरोफॉर्म आलं तेव्हा लोकांना देव पावल्यासारखं झालं. पण दोनच महिने उलटले आणि १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगताना मेली. कशासाठी दिलं होतं? पायाच्या अंगठ्याचं नख काढायला. एका नखापायी धडधाकट पोर गेली, आणि डॉक्टरमंडळी दोन तटांत वाटली गेली.

एका तटात होते डॉ. जॉन स्नो. लंडनमधल्या पटकीच्या साथीत एका पंपाच्या पाण्यावर बोट ठेवणारे हेच ते स्नो. त्यांचं म्हणणं असं, की क्लोरोफॉर्म किती थेंब ओतलं याला अर्थ नाही, आत जाणाऱ्या हवेत त्याची वाफ शेकडा किती आहे याला अर्थ आहे. हवा गार असेल तर वाफ कमी धरते, ऊन असेल तर जास्त. म्हणजे तेवढेच थेंब डिसेंबरात वेगळे आणि मे महिन्यात वेगळे. शेकडा चार-पाचच्या आत ठेवलं तर माणूस शांत झोपतो, त्याच्या दुपटीवर गेलं की जिवावर बेततं. पुढं १८६२ मध्ये जोसेफ क्लोव्हर यांनी एक मोठी पिशवीच केली. मोजून हवा भरायची, मोजून क्लोरोफॉर्म घालायचं, म्हणजे वाफ साडेचार टक्क्यांच्या वर जायचीच नाही. आपण खिरीत साखर अंदाजानं घालतो, पण बाळाला औषध देताना चमच्यावरची रेघ बघतो, तसंच हे.

दुसऱ्या तटात एडिंबरोची मंडळी. त्यांची शिकवण अशी, की यंत्रं नकोत, टक्के नकोत. रोग्याचा श्वास बघत राहा. श्वास नीट चाललाय तोवर धोका नाही. नाडी बघायचं कारण नाही, कारण क्लोरोफॉर्म हृदयाला हात लावत नाही, आधी श्वास बंद पडतो आणि मग हृदय.

ही शिकवण घेऊन सर्जन-मेजर एडवर्ड लॉरी १८८५ मध्ये हैदराबादला आले. रेसिडेन्सीचे सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख. ही शाळा १८४६ पासूनची, तिथं आधी शिक्षण उर्दूतून होतं. लॉरी हुशार होते, कष्टाळू होते, आणि आपल्या मताबद्दल त्यांच्या मनात शंकेला जागा नव्हती. त्यांनी १८८८ मध्ये इथं क्लोरोफॉर्म कमिशन नेमवून घेतलं. शंभराहून जास्त कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकानं त्यावर शंका घेतली. तेव्हा निजामांचे दिवाण सर अस्मान जाह यांनी एक हजार पौंड देऊ केले, की तुमच्याच पसंतीचा शास्त्रज्ञ पाठवा आणि डोळ्यांनी बघून जाऊ दे. लॅन्सेटनं डॉ. थॉमस लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. १८८९ मध्ये दुसरं कमिशन बसलं. लॉरी, ब्रंटन, बॉमफर्ड आणि आपल्या इथले डॉ. रुस्तमजी हकीम.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात अडखळतो. या दुसऱ्या कमिशननं चारशेहून जास्त जीव वापरले. कुत्री, माकडं, घोडे, बकऱ्या, मांजरं, ससे. आपल्या घरात वाटेवरची मुंगीही पाय बाजूला घेऊन ओलांडायची, असं शिकवलेलं. माझ्यासारखीला हे आकडे नुसते वाचून पुढं जाता येत नाही. कुणी म्हणेल, त्या काळी तसंच होतं, त्यातूनच ज्ञान मिळालं. बरं, मिळालं असतं तर तेवढं तरी म्हणता आलं असतं. पण झालं काय?

ब्रंटन लंडनहून निघताना क्लोरोफॉर्म हृदयालाही मारू शकतं अशा मताचे होते. हैदराबादला आल्यावर ते बदलले. इथून लॅन्सेटला तार गेली, की धोका श्वास कोंडण्याचा किंवा मात्रा जास्त होण्याचा, हृदयाला थेट धोका मुळीच नाही. लॉरी जिंकले. हैदराबादचं नाव जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी झालं. आणि निष्कर्ष चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना, रोगी घाबरलेला असताना, अंगातल्या अ‍ॅड्रेनलिनच्या जोरावर हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकतं. अगदी सुरुवातीलाच, श्वास चालू असताना. हॅना ग्रीनरसारखी घाबरलेली पोर नख काढण्याआधीच कशी गेली असेल, याचा उलगडा त्रेसष्ट वर्षांनी झाला.

दरम्यान इंग्लंडात मोजणाऱ्यांनी आपला हेका सोडला नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्नन हारकोर्ट या रसायनशास्त्रज्ञानं असं उपकरण केलं, की त्यातून दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाफ बाहेरच पडायची नाही. देणारा डॉक्टर कितीही अनुभवी असो वा नवखा, माप उपकरणात बसवलेलं.

मला या सगळ्या प्रकरणात लॉरींचा राग येत नाही. श्वासावर नजर ठेवा हे त्यांचं सांगणं चांगलंच होतं, त्यानं कित्येक जीव वाचले असणार. पण बघणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बघणाऱ्याचा अनुभव त्याच्याबरोबर जातो, मोजलेलं माप दुसऱ्याच्या हातात देता येतं. सासूबाईंच्या हाताची चव सासूबाईंबरोबर गेली, पण ज्यांनी वाटी-चमच्याचं प्रमाण लिहून ठेवलं त्यांचं लोणचं अजून टिकतंय.

या गोष्टीत एक बाई आहे, आणि ती मला सगळ्यांत जवळची वाटते. रूपाबाई फर्दूनजी. पारशी घरातली. लॉरींच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकायला गेलेल्या पहिल्या मुलींपैकी एक. तिची परीक्षा झाली १८८९ मध्ये, म्हणजे दुसरं कमिशन बसलं त्याच वर्षी. पुढं तिनं हैदराबादच्या इस्पितळांत वर्षानुवर्षं रोग्यांना क्लोरोफॉर्म दिलं. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून तिचं नाव घेतात. १९०९ मध्ये ती एडिंबरोला गेली आणि तिथं तिनं शिकून घेतलं ते पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र. भुलीचा वेगळा अभ्यासक्रम तेव्हा नव्हताच. वीस वर्षं हातात काम मुरलेली बाई, ती पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसली, आणि विषय निवडले ते वायू, वाफ, दाब, उष्णता यांचे. शिक्षकांनी श्वास बघायला शिकवलं होतं, ही मापाच्या शास्त्राकडं गेली. सुलतान बझारला भाजी घ्यायला जाताना मला तिची आठवण येते, कारण त्याच भागातल्या रेसिडेन्सीच्या दवाखान्यात तिनं काम केलेलं.

आता भुलीकडून जंतुनाशकाकडं येऊ. दोन्हींचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

ऑपरेशन दुखेनासं झालं, पण जखम चिघळून माणसं मरतच होती. ग्लासगोचे जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिड लावायला सुरुवात केली आणि रोगी वाचू लागले. पुढं त्यांच्या मनानं घेतलं, की जंतू हवेतून येतात, तर हवाच धुऊन काढावी. म्हणून १८७० च्या सुमारास फवारा आला. ऑपरेशन चालू असताना कार्बोलिकचं धुकं सगळ्या टेबलावर पसरायचं. डॉक्टर, मदतनीस, नर्सबाया सगळे त्या धुक्यात उभे. हात पांढरे पडायचे, सोलवटायचे, खोकला यायचा. रोगी तासाभरात बाहेर जायचा, पण नर्सबाई रोज तिथंच. या धुक्यात कार्बोलिक किती, ते कुणाच्या छातीत किती जातं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष जंतूंकडं.

१८९० मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत लिस्टर यांनी स्वतः सांगितलं, की हवेतले जंतू मारायला हा फवारा मी सुचवला याची मला लाज वाटते. एवढा मोठा माणूस भर सभेत असं बोलला, हे मला त्यांच्या शोधाइतकंच मोठं वाटतं. त्याच सुमारास, १८८९-९० च्या हिवाळ्यात, अमेरिकेत बाल्टिमोरला कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या नर्सबाईंचे हात जंतुनाशकानं, पाऱ्याच्या क्षारानं, फुटले. त्या नोकरी सोडायला निघाल्या. तेव्हा सर्जन हॅल्स्टेड यांनी त्यांच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. आज डॉक्टर घालतात ते मोजे असे जन्मले, रोग्याला वाचवायला नाही, एका बाईचे हात वाचवायला. हातांसाठी मोजे झाले. छातीसाठी काय, हा प्रश्न तसाच राहिला.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न आला तो प्लेगच्या वर्षात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग सरकारनं घरं धुवायला काढली. कार्बोलिकचे आणि रसकापराच्या पाण्याचे फवारे, भिंतींना चुना, खोल्यांत गंधकाची धुरी. पुण्यात १८९७ मध्ये सोजिरांनी घरात शिरून काय केलं आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात कसा झाला, हे आपण शाळेत शिकलो. त्यात एक गोष्ट शिकवत नाहीत. ज्या शत्रूवर हे सगळे पिंप रिकामे झाले तो हवेत नव्हताच. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं, की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून येतो. म्हणजे घरं औषधानं ओली झाली, बाया-पोरं त्या वासात झोपली, आणि पिसू उंदराबरोबर शेजारच्या घरात निघून गेली. घरातल्या हवेत औषध किती राहिलं याची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही. मेलेल्यांची आहे, धुतलेल्या घरांची आहे, हवेची नाही.

मग हवा मोजायला लागले कधी? मोजायची रीत हळूहळू कारखान्यांतून आली. तिथं कामगार मरायला लागले तेव्हा मालकांना आणि सरकारांना आकडे ठरवावे लागले. रीत अशी. एक छोटा पंप असतो, तो मिनिटाला ठरावीक हवा ओढतो. हवा एका नळीतून जाते. नळीत असा पदार्थ भरलेला, की हवं ते रसायन त्याला चिकटून बसतं. काही नळ्यांत रंग बदलतो, जेवढा लांब रंग चढला तेवढं प्रमाण. काही नळ्या प्रयोगशाळेत नेऊन धुतात आणि आत काय किती सापडलं ते यंत्रावर बघतात. चिकटलेलं रसायन भागिले ओढलेली हवा, झालं गणित.

यातल्या दोन खुब्या मला फार आवडल्या. पहिली, की नळी भिंतीवर टांगत नाहीत, माणसाच्या कॉलरला अडकवतात, नाकापासून वीतभर अंतरावर. कारण खोलीची हवा एक आणि वाकून काम करणाऱ्याच्या नाकापुढची हवा वेगळी. फरशी पुसणारी बाई बादलीवर वाकलेली असते, दारात उभ्या असलेल्या मालकिणीला जो वास येतो तो तिच्या मानानं काहीच नाही. दुसरी खुबी वेळेची. आठ तासांची सरासरी वेगळी आणि पंधरा मिनिटांचा झटका वेगळा. दिवसभराचं मीठ एकाच घासात खाल्लं तर सरासरी बरोबरच येते, पण घास गिळवत नाही. म्हणून काही रसायनांना सरासरीची मर्यादा असते आणि काहींना, क्लोरीनसारख्यांना, झटक्याची.

फॉर्मलिनचं उदाहरण घ्या. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरांत कित्येक वर्षं फॉर्मलिनची धुरी देत आले. खोली बंद करायची, धुरी द्यायची, मग अमोनियानं वास मारायचा, दारं उघडायची. ती दारं उघडायला आधी आत कोण जातं? वॉर्डबॉय, आया. २००४ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं घरातल्या हवेसाठी मर्यादा सांगितली, एका घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या सरासरीनं. माझ्या एका नातेवाईक बाईंचं ऑपरेशन एका दवाखान्यात झालं. टेबलावर घेताना डोळ्यांतून धारा लागल्या, तेव्हा त्यांना सांगितलं, “अहो, वास येतोय म्हणजे स्वच्छ आहे.” हे वाक्य आपण सगळ्याच बोलतो. वास म्हणजे स्वच्छता. खरं तर वास येतो म्हणजे ते रसायन अजून हवेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि नाक हे मापही भरवशाचं नाही. पाच-दहा मिनिटांत ते थकतं, वास येईनासा होतो, रसायन असतंच.

आता आपल्या घरचा हिशेब करू. मोठ्या आकड्यांना घाबरू नका, तांदूळ-डाळीसारखाच आहे.

‘पीपीएम’ म्हणतात ते म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशी खोली धरा. तिच्यात साधारण २८ घनमीटर हवा मावते. त्यात एक पीपीएम क्लोरीन म्हणजे २८ मिलिलिटर वायू, म्हणजे पोह्याचे दोन मोठे चमचे भरतील एवढाच. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेनं क्लोरीनची मर्यादा याच्या निम्मी सांगितली आहे, अर्धा पीपीएम, तीही पंधरा मिनिटांसाठी. म्हणजे सगळ्या खोलीत मिळून एक चमचा वायू.

आता न्हाणीघर घ्या. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंच. जेमतेम साडेपाच घनमीटर. संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलंय, डाग निघाला नाही, म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात शेकडा तीसच्या आसपास क्लोरीन सुटायला तयार असतो. अ‍ॅसिड पडलं की तो सुटतो. कागदावरचा हिशेब असा, की एक ग्रॅम पावडरीतला सगळा क्लोरीन सुटला तर साधारण शंभर मिलिलिटर वायू. साडेपाच घनमीटरात शंभर मिलिलिटर म्हणजे वीस पीपीएमच्या आसपास. मर्यादेच्या चाळीसपट. एक ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा थोडासा भाग, आणि आपण मूठभर टाकतो. दहा पीपीएमच्या वर जीव आणि तब्येत तातडीनं धोक्यात, असं त्याच संस्थेचं सांगणं. क्लोरीन हवेपेक्षा जड, खाली साचतो. तिथंच उकिडवी बसलेली बाई घासत असते, दार लोटलेलं, खिडकी टीचभर.

आमच्याकडं फरशी-भांड्याला येतात त्या बाई तेलुगू. एक दिवस न्हाणीघरातून बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “अम्मा, घाटू.” तेलुगूत घाटू म्हणजे तिखट, झोंबणारं. मिरचीलाही तोच शब्द. पंपाची नळी कॉलरला लावून जे कळलं असतं ते त्यांनी एका शब्दात सांगितलं. पण घाटू किती, हे सांगायला त्यांच्याकडं माप नव्हतं, आणि माप नसलं की बाईचं म्हणणं तक्रार ठरतं, पुरावा ठरत नाही.

पुरावा नॉर्वेतून आला. बर्गन विद्यापीठाच्या मंडळींनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. सहा हजारांहून जास्त माणसं, वीस वर्षं पाठपुरावा. ज्या बाया घरची साफसफाई करत होत्या किंवा तीच ज्यांची नोकरी होती, त्यांच्या फुप्फुसांची ताकद, सफाई न करणाऱ्या बायांपेक्षा जास्त वेगानं कमी होत गेलेली. नोकरीवाल्या बायांचं नुकसान घरच्यांपेक्षा थोडं जास्त. घरची बाईही त्यात आहे हे लक्षात ठेवा. “मी काय, घरीच असते,” असं आपण म्हणतो, तेव्हा घरातल्या हवेचा हिशेब आपण धरलेला नसतो.

आणि मग कोरोना आला. २०२० च्या मार्चमध्ये बरेलीत घराकडं परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं. ते चित्र सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. जागोजागी फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले. केंद्राच्या आरोग्य खात्यानं १८ एप्रिल २०२० ला स्पष्ट सांगितलं, की माणसांवर फवारणी करू नका, त्यानं उपयोग नाही आणि अपाय आहे. तरी ते बोगदे उभेच राहिले. शेवटी ५ नोव्हेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाला त्यावर निकाल द्यावा लागला. लिस्टर यांनी १८९० मध्ये ज्याची लाज वाटते म्हणून सांगितलं ते आपण एकशेतीस वर्षांनी माणसांच्या अंगावर ओतत होतो. त्याच साथीत आपल्या हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी इस्पितळांतली हवा पंपानं ओढून तिच्यात विषाणू आहे का ते तपासलं. म्हणजे हवेतला रोग मोजायला आपण शिकलो. हवेतलं औषध मोजायचं मात्र अजून कुणाच्या अंगवळणी पडलेलं नाही.

आपल्याकडं हवेलाच काया मानली आहे, वायुकाय जीव. मुनी-आर्यिका चालताना, बोलताना, ठेवता-उचलताना जपतात, त्याला यत्नाचार म्हणतात. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावते, की कुठलीही गोष्ट गरजेपुरती आणि जाणीवपूर्वक. जंतुनाशक नकोच असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या खोलीत, बाळंतिणीच्या दवाखान्यात ते लागतं. पण ‘जास्त टाकलं म्हणजे जास्त स्वच्छ’ ही समजूत आणि ‘श्वास चाललाय ना, मग झालं’ ही समजूत, दोन्ही एकाच माळेतल्या.

पंप आणि नळ्या आपल्या घरात यायच्या तेव्हा येतील. मापाची अक्कल आज वापरता येते. अ‍ॅसिड आणि ब्लीच एका जागी, एका वेळी कधीही नाही. ब्लीच आणि अमोनियाही नाही. झाकणानं मोजून, गार पाण्यात. आधी खिडकी, मग बाटली. फवाऱ्यापेक्षा ओलं फडकं बरं, कारण फवारा थेट छातीत जातो. रोजच्या फरशीला साबणाचं पाणी पुष्कळ. आणि जी बाई आपल्या घरी वाकून काम करते तिला वास झोंबला तर काम तिथंच थांबवायचं, “दोन मिनिटांत होईल” असं म्हणायचं नाही. धर्मशाळेत, मंदिराच्या ऑफिसात, महिला मंडळाच्या हॉलमध्ये फिनेल कोण आणतं आणि किती टाकतं, हेही एकदा विचारून बघा. तिथला झाडूवाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त तास त्या वासात असतो.

अफजलगंजचं ते जुनं इस्पितळ १९०८ च्या मुसीच्या पुरात गेलं. त्या जागी पुढं उस्मानियाची मोठी इमारत झाली. आवारातलं चिंचेचं झाड तेवढं राहिलं. पुराच्या रात्री त्यावर चढून दीडशे माणसं वाचली, असं सांगतात. कमिशनच्या चारशे जिवांची आठवण ठेवणारं तिथं काही नाही. त्यांच्या मरणातून चुकीचं उत्तर निघालं, पण प्रश्न बरोबर होता, आणि तो आता आपल्या हाती आला आहे. बाटलीचं झाकण उघडताना तो एकदा विचारायचा, हे माझ्या हवेत किती जाणार, आणि ती हवा कोण घेणार?